प्रवासी नीमा

जीभ वरच्या दातांमागे टेकवा बघू. टेकवली? आता ‘त’ म्हणा. परत म्हणा. जीभ वर दाबली जाते, तिच्यामागे हवा कोंडते आणि जीभ सुटली की ‘त’ बाहेर उडी मारतो. आता ओठ मिटून ‘प’ म्हणा. तिथेही तेच. आधी कोंडलेली हवा, मग अक्षर.

आता मनातल्या मनात एक करा. तोंडाला वर जे छप्पर आहे, ज्याला आपण टाळू म्हणतो, ते काढून टाका. तिकडचे दातही काढा. तिथे आता एक भोक आहे आणि ते थेट नाकात उघडतं. म्हणा ‘प’. हवा कोंडायच्या आतच नाकावाटे निसटते आणि निघतो ‘म’. ‘त’ म्हणायला जा, ‘न’ येतो. ‘ट’ म्हणायला जा, ‘ण’ येतो. मुळाक्षरांचा तक्ता आठवा. कुठल्याही ओळीतलं कुठलंही अक्षर मागा, शेवटचं तेवढं हाती लागतं. पाणी पिऊन बघा. घोट घशाकडे जायच्याऐवजी नाकातून सदऱ्यावर.

जमलं का? फार वेळ थांबू नका तिथे. मी थांबलो होतो, म्हणून सांगतो.

तुम्ही मला फलाट आबा म्हणता. ते नाव का पडलं, हे तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल. करमाळ्याच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे माझं काम. पेन्शनीत निघाल्यावर मी गल्लीतल्या पोरांना वाचायला शिकवायचो, तेही गाड्यांच्या पाट्यांवरून. ‘प’ परांड्याचा, ‘ट’ टेंभुर्णीचा, ‘क’ कुर्डुवाडीचा. पोरं ओट्यावर रांगेनं बसायची, मी घोषणा करायचो आणि ज्याच्या गावाचं नाव येईल त्यानं ते पाटीवर लिहून गाडीत चढायचं. चढायचं म्हणजे माझ्या बाजेवर.

मग ती साथ आली. मी तापातून उठलो, पण साखर भलतीच वाढलेली होती. गाल सुजला, वरचे दात हलायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, बुरशी आहे, हाडात शिरलीय, डोळ्याकडे निघालीय. डोळा आणि जीव वाचवायचा तर जबडा द्यावा लागेल. मी जबडा दिला. उजवीकडचा वरचा, टाळूसकट.

घरी आलो ते आतल्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर ओट्यावर पोरं यायची. “आबा, गाडी कधी लागणार?” म्हणून ओरडायची. मी दाराला आतून कडी घालायचो. जेवायला बसलं की भात नाकात जायचा, म्हणून मी एकटा जेवायचो, भिंतीकडे तोंड करून. काही दिवसांनी साऱ्या गावाचे मास्क उतरले, माझा राहिला. माझी बायको कौसल्या, बोलण्यात कुणाला हार न जाणारी, तिनं एक दिवस पोरांचीच एक पाटी माझ्यापुढे आपटली.

“लिहा,” ती म्हणाली. “काय पाहिजे ते लिहा. तुमचं नाकातलं मला कळत नाही आणि कळलं नाही की तुम्ही रागावता.”

मी लिहिलं, ‘काही नको.’

“हे तर न लिहिताही कळतं,” ती म्हणाली.

जखम भरल्यावर शहरातल्या दातांच्या हॉस्पिटलात खेपा सुरू झाल्या. तिथे प्लेट बनवतात. एका बाजूला दात आणि वर गोळा, तो गोळा त्या भोकात बसतो आणि छप्पर परत मिळतं. डॉक्टर शिरीन तांबोळी म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, “घाई करायची नाही, काका. माप घ्यायचं, घासायचं, बसवायचं, परत घासायचं. बोलाल तुम्ही.”

मी मान हलवली. विश्वास नव्हता.

त्या हॉस्पिटलाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. कौसल्या चहा आणायला गेली होती. पंख्याच्या वाऱ्यानं माझी टोपी उडाली आणि बाकाखाली पार भिंतीशी गेली. वाकलं की डोक्यात कळ यायची, म्हणून मी शेजारून जाणाऱ्या शिपायाला थांबवलं.

“णोमी,” मी म्हणालो आणि खाली बोट दाखवलं.

“काय आजोबा? पाय दुखतोय?”

“णोमी. णोमी.”

“पाणी मागत असतील,” पलीकडच्या केसपेपरच्या खिडकीतली बाई म्हणाली. “वय झालंय.”

मी डोळे मिटून घेतले. एवढ्यात बाकाखाली खुडबुड झाली, गुडघ्याला काहीतरी लागलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी रांगत बाहेर आली. केसांना जळमटं लागलेली, वरच्या ओठावर शिवणीची जुनी रेघ. तिनं टोपी फ्रॉकला पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“नुमञी णोमी,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आजवर माझी बोली माझ्या एकट्याचीच होती आणि इथे ती बोलणारं दुसरं कुणी तरी निघालं. तिच्या टाळूला जन्मापासून फट होती. लहानपणी ऑपरेशन झालं होतं, पण शिवण मध्येच उसवली आणि भोक राहिलं. हे मला नंतर तिच्या वडलांनी सांगितलं. ते महादेव लोकरे. पाण्याचा टँकर चालवायचे, बोलताना सतत किल्लीशी खेळायचे आणि मुलीला माऊ म्हणायचे, म्हणून हॉस्पिटलातही ती सगळ्यांची माऊच होती.

मी मास्कच्या आतूनच विचारलं, नाव काय तुझं?

“नीमा,” ती म्हणाली.

शब्द कसा स्वच्छ निघाला. मी मनात म्हटलं, नशीबवान आहे पोर, नावात एकही अडणारं अक्षर नाही. “नीमा,” मी म्हणून पाहिलं. माझ्याही तोंडून ते स्वच्छ निघालं. त्यावर ती अशी हसली की ओठावरची रेघ दिसेनाशी झाली.

यापुढे आम्ही दोघं जे बोललो ते मी सरळ करून सांगतो, नाहीतर तुम्ही नाक धरून बसाल.

खेपेगणिक ती बाकावर माझी जागा धरून ठेवायला लागली. मी पाटी आणायचो. घरी जे पोरांशी करत नव्हतो ते तिथे करायला लागलो. मी गावाचं नाव घ्यायचो आणि ती ओळखायची. माझ्या तोंडून ‘मरांणा’ निघालं की ती पाटीवर ‘परांडा’ लिहायची. ‘णेंमुर्णी’ म्हटलं की टेंभुर्णी. एकदाही चुकली नाही. शेजारची माणसं वळून बघायची, आम्हाला फिकीर नव्हती.

“शाळंत जाती,” महादेव मला म्हणाले, “पन तोंड उघडत न्हाई. बाईंनी हजेरी घेतली तर हात वर करती. तुमच्यासंगं एवढी बोलती, मला तर नवलच वाटतं, काका.”

“आपापसात जमलंय त्यांचं,” कौसल्या म्हणाली. “मला पाटी दाखवतात आणि तिच्याशी गप्पा मारतात. मीही एखादं भोक पाडून घेऊ का?”

नीमाला हसू आवरेना.

पण तिचं एक घोडं अडलं होतं. तिच्याही टाळूसाठी छोटी प्लेट करायची होती आणि त्यासाठी माप घ्यायला हवं होतं. माप म्हणजे काय, ते सांगतो. एका पत्र्याच्या ताटलीत गुलाबी लगदा भरतात आणि ती ताटली तोंडात वर दाबून धरतात. लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. तोंड गच्च भरलेलं, घसा उलटून येतो, ओरडता येत नाही. पहिल्या वेळी ती गुदमरली, डॉक्टरांच्या बोटाला चावली आणि खुर्चीवरून उतरून पळाली. तेव्हापासून ती खुर्ची दिसली तरी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटायची. गोड बोलून झालं, फुगा दाखवून झाला.

“आणखी एक-दोन खेपा,” महादेव किल्ली फिरवत म्हणाले. “हिची आईच म्हनती, ऱ्हाऊ द्या, पोरगी हाय तशी बरी. मालक बी सारखी सुट्टी देत न्हाई. आता न्हाई झालं तर परत आनणं व्हायचं न्हाई माझ्यानं.”

ती ऐकत होती. बाकाच्या कडेला नखानं कोरत होती.

“तुम्हाला भीती वाटते का त्या लगद्याची?” तिनं मला हळूच विचारलं.

“वाटते,” मी म्हणालो. “माझं भोक केवढं मोठं आहे. लगदा आतच अडकला तर?”

“मग?”

“मग काय. कोंडून बसायचं. मी कोंडूनच बसलोय घरी.”

तिनं कोरणं थांबवलं. “आधी तुम्ही,” ती म्हणाली. “मी दारातून बघणार. तुम्हाला नीट बोलता आलं तर मग मी.”

“ठरलं.”

“आणि नीट बोलता आलं की पहिलं माझं नाव घ्यायचं. मोठ्यानं. स्टँडवर गावांची नावं घ्यायचात तसं.”

“घोषणा करतो तुझ्या नावाची,” मी म्हणालो. “सगळ्या हॉस्पिटलाला ऐकू जाईल अशी.”

माझं माप घेतलं तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी होती. तोंडात लगदा भरला आणि मला वाटलं, झालं, आता श्वास संपला. डॉक्टर तांबोळी म्हणत होत्या, नाकानं घ्या, काका, नाकानं. मी खुर्चीचा हात आवळला. पळून जावंसं वाटत होतं, पण दारात ती होती. तिनं स्वतःच्या नाकावर बोट ठेवून लांब श्वास घेऊन दाखवला. मी तसा घेतला. तिनं सोडला की मी सोडायचो. असं करत करत तो लगदा घट्ट झाला.

प्लेट तयार होऊन आली त्या दिवशी महादेव सकाळपासून येऊन बसले होते. त्यांची ती शेवटची खेप होती, ते सगळ्यांना माहीत होतं. आत डॉक्टरांनी माझ्या तोंडात प्लेट बसवली, काढली, घासली, परत बसवली. गाल आतून भरून आला. परकं, थंड काहीतरी तोंडात घर करून बसल्यासारखं वाटलं.

“पाणी प्या,” त्या म्हणाल्या.

मी रुमाल नाकाशी धरून घोट घेतला. घोट खाली गेला. रुमाल कोरडा होता.

“आता म्हणा, काकांनी काकूंना पापड दिला.”

“काकांनी काकूंना पापड दिला,” मी म्हणालो.

कौसल्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “कधी दिला? एवढ्या वर्षांत एक पापड भाजला नाही.”

“आज दिवसभर काढू नका हं,” डॉक्टर मला सांगत होत्या. “जागेला सवय होऊ दे.” पण माझं लक्ष कुठे होतं? मी गळ्यात लोंबणारा मास्क काढून खिशात कोंबला आणि व्हरांड्यात आलो. बाकावर नीमा ताठ बसली होती. पाटी मांडीवर, दोन्ही हात मांडीखाली. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळे मोठे केले आणि वाट बघायला लागली.

मी छाती भरून घेतली.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे,” मी म्हणालो आणि तोच आवाज, माइकवरचा, स्टँडवरचा, त्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. माणसं थबकली. “फलाट क्रमांक दोनवर करमाळा, टेंभुर्णी, परांडा जाणारी गाडी लागलेली आहे. प्रवासी नीमा, प्रवासी नीमा यांनी त्वरित खुर्चीत येऊन बसावे.”

व्हरांडा हसला. शिपाई हसला, ती पलीकडची बाई हसली, कुणी तरी टाळी वाजवली. मीही हसत होतो. मग मी नीमाकडे पाहिलं.

तिच्या चेहऱ्यावरून सगळं पुसून गेलं होतं. पाटी मांडीवरून घसरून पडली. ती बाकावरून उतरली, बाकाखाली शिरली आणि पार भिंतीशी गेली, जिथे माझी टोपी गेली होती तिथे. गुडघ्यात डोकं घालून बसली.

मी वाकलो. डोक्यात कळ आली, तसाच वाकलो. “नीमा,” मी म्हणालो, “अगं, काय झालं? नीमा?”

दर हाकेला ती आणखी आक्रसत होती.

महादेव माझ्याजवळ आले. किल्ली त्यांच्या हातात गप्प होती. “काका,” ते खाली आवाजात म्हणाले, “तुम्ही पन?”

“मी काय केलं?”

“शाळंतली पोरं तसंच चिडवत्यात तिला. नीमा, ए नीमा. त्यापायीच बोलायची बंद झाली ती.” त्यांनी बाकाखाली पाहिलं. “दीपा नाव हाय तिचं.”

मी तिथेच बसलो, फरशीवर.

दीपा. तिनं मला पहिल्या दिवसापासून आपलं नाव बरोबरच सांगितलं होतं. आणि मी ‘नीमा’ म्हणत होतो तेव्हा तिला दीपाच ऐकू येत होतं, कारण आमच्या बोलीत ते तसंच निघतं. परांड्यापासून टेंभुर्णीपर्यंत माझं एकेक नाव तिनं बिनचूक ओळखलं होतं. मला तिचं एक ओळखता आलं नव्हतं. आणि आज माझ्या तोंडात सगळी अक्षरं परत आल्यावर, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, मी तिला काय म्हणालो होतो?

आता नुसतं ‘दीपा’ म्हणून उपयोग नव्हता. वडलांनी सांगितलं म्हणून म्हणतोय, असंच तिला वाटलं असतं. मी तिच्या बोलीतून बाहेर पडलेला माणूस होतो. बाकाखालून तिला माझे फक्त पाय दिसत होते, इतरांचे दिसत होते तसेच.

मी तोंडात बोट घालून प्लेट सोडवली.

“अहो,” कौसल्या म्हणाली. “अहो, इथे नका. सगळी बघतायत.”

बघतच होती. गाल खचकन आत गेला, ओठ एका बाजूला ओढला गेला. पलीकडच्या बाईनं मान फिरवली. घराच्या आतल्या खोलीतही मी दिवा मालवून जे काढत असे, ते सगळं उजेडात उघडं होतं. डॉक्टर तांबोळी दारात येऊन उभ्या होत्या.

मी फरशीवर आडवा झालो, गाल फरशीला लावला आणि बाकाखाली बघितलं. प्लेट उघड्या तळव्यावर धरून हात तिच्याकडे सरकवला. मग जीव लावून म्हणालो, “दीपा.”

निघालं ‘नीमा’. दुसरं काय निघणार?

तिनं गुडघ्यातून एक डोळा वर केला.

“नीमा,” मी परत म्हणालो. द म्हणायला जीभ लावत होतो, प म्हणायला ओठ मिटत होतो आणि हवा पळून जात होती. “मला कळलंच नाही गं,” मी म्हणालो. तेही कसंतरीच निघालं. शिपायाला कळलं नसेल, कौसल्येला कळलं नसेल. “मला वाटलं, तुझं नाव खरंच तसं आहे.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी द कसा लावतो आणि तो कसा सुटतो, हे जगात तिच्याइतकं कुणाला कळणार?

मग ती हळूहळू पुढे सरकली. माझ्या तळव्यावरची प्लेट तिनं दोन बोटांनी उचलली, उलटीपालटी करून तो गोळा पाहिला. रांगत बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाच्या नळापाशी गेली, टाचा उंचावून प्लेट धुतली आणि फ्रॉकला पुसणार तोच कौसल्येनं आपला स्वच्छ रुमाल पुढे केला. तिनं त्यात पुसली आणि माझ्या हातात दिली.

मी उठून बसलो. प्लेट बसवली. ती माझ्यासमोर उभी होती, हात मागे बांधून.

“दीपा,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. नाही, अशी. माझ्या बाहीला धरून तिनं मला उभं केलं.

“मोण्ण्यानं,” ती म्हणाली. सगळ्यांच्या समोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मोठ्यानं. मी टोपी नीट केली. “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे,” मी म्हणालो. या वेळी कुणी हसलं नाही. “मघाच्या घोषणेत चूक झालेली आहे. प्रवासी दीपा महादेव लोकरे, प्रवासी दीपा महादेव लोकरे यांनी...”

माझी घोषणा पुरी व्हायच्या आत ती डॉक्टरांच्या बाजूनं आत गेली होती. कुणाचा हात न धरता खुर्चीवर चढली, पाय खाली पोहोचत नव्हते म्हणून ते एकमेकांत अडकवले, दारात उभ्या माझ्याकडे बघून नाकावर बोट ठेवलं आणि मग बोट काढून, डोळे मिटून, तिनं तोंड उघडलं.